रंगभूमीचे पहिले मुक्काम

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला आपल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. परमुलखांतून घोडे येतात, त्यांचे दात पाहिले जातात, चाल पाहिली जाते, किंमत ठरते आणि मोडते. दिवस कलला की तापीवरून गार वारा सुटतो, आणि बाजाराच्या पलीकडून ढोलकीची थाप ऐकू येते. तमाशाचे तंबू उभे राहिलेले असतात. सकाळपर्यंत जेथे मोकळे रान होते तेथे संध्याकाळी रंगमंच, पडदा, दिवे, तिकिटाची खिडकी असे सारे काही असते. आणि चार दिवसांनी पुन्हा मोकळे रान. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, म्हणून त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

परंतु नवल वाटावे अशीच ही गोष्ट आहे. पन्नास-शंभर माणसांचा एक संसार कापडाच्या भिंती घेऊन निघतो, अनोळखी गावी उतरतो आणि अनोळखी माणसांच्या खिशातील पैशांवर उद्याची भाकरी सोडतो. या धाडसाला आमच्याकडे आरंभ कसा झाला, आणि त्या पहिल्या फिरतीने आमच्या कलेचे काय केले, याचा थोडा विचार या व्याख्यानमालेच्या निमित्ताने करावा असे आम्ही योजिले आहे.

मराठी नाटकाची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे, अशी आज्ञा आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना केली. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण त्याचीच आठवण म्हणून पाळतो. सूत्रधाराने पदे म्हणावी, विदूषकाने हसवावे, गणपती-सरस्वतीने आशीर्वाद द्यावा, राक्षसांनी आरोळ्या ठोकीत यावे आणि पात्रांनी प्रसंगानुरूप आपल्या मनाने बोलावे, असा तो खेळ होता. आज तो आपणांस बाळबोध वाटेल. पण त्या काळी प्रेक्षक त्यात रंगून जात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे नाटक जन्मले ते राजवाड्याच्या सावलीत. खर्च सरकारचा, नट सरकारच्या पदरचे, प्रेक्षक सरकारच्या मर्जीतले. तिकीट नव्हते, कारण तिकिटाची गरजच नव्हती. असे नाटक सांगलीतच राहते तर काय झाले असते? एका संस्थानाच्या दप्तरातील खर्चाची एक बाब, याहून अधिक त्याचे नाव उरले नसते, असे आम्हांस वाटते.

परंतु 1851 मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि आश्रय सरला. नव्या कारभाराला नाटकाचा खर्च नको होता. भाव्यांच्या पुढे दोनच वाटा होत्या: मंडळी मोडून टाकायची, किंवा मंडळी घेऊन बाहेर पडायचे. ते बाहेर पडले.

त्या काळचे बाहेर पडणे म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सहज उमगणार नाही. मंडळी मुंबईस पोचली आणि 1853 च्या मार्च महिन्यात ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिचा खेळ झाला. मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली ती त्याच वर्षी 16 एप्रिलला. म्हणजे आमचे नाटक आगगाडीच्याही आधी मुंबईत पोचले होते! राक्षसांचे मुखवटे, राजांचे मुगुट, झांजा, मृदंग हे सगळे बिऱ्हाड तिने आगगाडीवाचून मुंबईस नेले. त्यात आणखी लोकापवाद होताच. घर सोडून गावोगाव नाचत हिंडणारा मुलगा म्हणजे कुळाला बट्टा, अशी त्या वेळची समजूत होती आणि ‘नाटक्या’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई.

मुंबईत मात्र एक नवे जग या मंडळींची वाट पाहत होते. ग्रँट रोडचे ते नाटकगृह 1846 मध्ये, जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. तेथे इंग्रजांची नाटके होत. त्या रंगमंचावर सांगलीकर मंडळी उभी राहिली ती तिकीट लावून, आणि इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. पुढे बसलेला माणूस आता राजाचा मानकरी नव्हता. तो व्यापारी होता, कारकून होता, पारशी होता, गुजराथी होता. त्याने रोख पैसे मोजले होते आणि आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी तो येणार नव्हता.

या एका बदलाने किती गोष्टी घडल्या पाहा. प्रेक्षक अठरापगड, त्यांतील कित्येकांना मराठी येईना. तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भाव्यांनी ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानी भाषेत केला. मराठी नाटककाराने हिंदीत नाटक करावे, ही कल्पना सांगलीच्या वाड्यात कोणाला सुचली असती? ती मुंबईच्या तिकिटाने सुचविली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, त्याच ग्रँट रोडच्या नाटकगृहात, पारशी मंडळींनी आपले पहिले नाटक केले. पुढे पारशी रंगभूमीने साऱ्या हिंदुस्थानात संचार केला.

दुसरी गोष्ट म्हणजे बी पेरले गेले. सांगलीकरांच्या मागून इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या. जो तो नाटकाच्या नावामागे आपल्या गावाचे नाव लावी आणि दुसऱ्यांच्या गावी हिंडे. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले आणि पात्रांना पाठ करावयाचे संवाद मिळाले. 1880 च्या 31 ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ झाले, तोपर्यंत आगगाडीचे रूळ दूरवर गेले होते. बैलगाडीच्या मुक्कामाची जागा स्टेशनाने घेतली. पुढे भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व यांच्या गळ्यातील सूर गावोगाव पोचले ते या रुळांवरून. ज्या गावात रेडिओ नव्हता, ग्रामोफोन एखाद्याच घरी होता, त्या गावातील शिंपी आणि शेतकरी नाट्यपदे गुणगुणू लागले. महाराष्ट्राला रागदारीचा कान लागला तो दरबारांमुळे थोडा, आणि या फिरत्या मंडळ्यांमुळे फार.

हा नियम केवळ आपल्या मुलखाचा नव्हे. इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरच्या तरुणांचा ‘बीटल्स’ नावाचा एक ताफा पुढे जगभर गाजला. 1960 च्या ऑगस्टमध्ये ते जर्मनीतील हँबुर्ग बंदरात गेले तेव्हा त्यांना कोणी विचारीत नव्हते. तेथील मद्यगृहांत खलाशांसमोर ते रात्रीच्या रात्री तासन् तास वाजवीत राहिले आणि 1962 च्या अखेरीपर्यंत पुनःपुन्हा तेथे गेले. 1963 च्या आरंभी मायदेशी गावोगाव हिंडले ते हेलन शापिरो या गायिकेच्या कार्यक्रमात, दुय्यम जागेवर. 1964 मध्ये अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले. आणि मौज अशी की, लोकांच्या किंकाळ्यांत आपलाच सूर आपल्याला ऐकू येईना म्हणून 1966 च्या 29 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को येथील खेळानंतर त्यांनी दौरे कायमचे बंद केले आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन बसले. दीड वर्षाने शांततेच्या शोधात ते आपल्या हृषीकेशला येऊन राहिले, हे पुष्कळांना आठवत असेल. तात्पर्य, सांगली असो की लिव्हरपूल, घरच्या कौतुकाने कला पिकत नाही. जो ओळखीचा नाही, जो कंटाळला तर उठून जाईल, अशा माणसासमोर उभे राहिल्यावाचून तिला पाणी चढत नाही.

येथवर कोणाचाही मतभेद होणार नाही. आता थोडे कडू बोलावयाचे आहे.

भाव्यांचा राजाश्रय 1851 मध्ये गेला. परंतु त्यापूर्वी तेहतीस वर्षे, 1818 मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा आणखी एका कलेचा राजाश्रय गेला होता. ती कला म्हणजे तमाशा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होनाजीसारख्या शाहिरांना मान होता. ते छत्र गेल्यावर ढोलकी थांबली काय? मुळीच नाही. महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंत ढोलकी-तुणतुणे घेऊन जत्रांच्या वाटेला लागले. गण, गवळण, बतावणी, वग हा सगळा ठाट गावोगाव चालत राहिला. म्हणजे राजाच्या मर्जीवाचून, केवळ लोकांच्या पसंतीवर जगण्याची वाट तमाशाने नाटकाच्या कितीतरी आधी तुडविली होती.

परंतु इतिहास लिहिण्याची वेळ आली तेव्हा आम्ही सुशिक्षितांनी काय केले? नाटक मंडळींच्या फिरतीला रंगभूमीचा इतिहास म्हटले आणि तमाशाच्या फिरतीला करमणूक म्हटले. नटाच्या आठवणींचे ग्रंथ झाले. सोंगाड्याच्या आठवणी त्याच्याबरोबर गेल्या. बोलपट आले, 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर मराठीत बोलू लागला आणि हळूहळू बहुतेक मोठ्या नाटक मंडळ्या कर्जात बुडून बसल्या, तेव्हा हळहळ झाली, आणि ती योग्यच होती. पण त्याच काळात, त्याच बोलपटांना तोंड देत, जे तंबू उभे राहिले त्यांचे कौतुक कोणी केले? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी उभे आयुष्य या फिरतीत घालविले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. प्रसूतीच्या वेळीदेखील त्या बोर्डावरून हटल्या नाहीत, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. आणि 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले होते. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. नाव मोठे झाले. पण फडातल्या दहाव्या माणसाचे काय, हा प्रश्न तेथेच आहे.

कोणी म्हणेल, तमाशात पूर्वीचे काय उरले आहे? सिनेमाची गाणी, झगमगाट आणि शिट्ट्या! हा आक्षेप खोटा नाही. पण मुंबईच्या प्रेक्षकांसाठी भाव्यांनी भाषा बदलली तेव्हा तिला आपण कल्पकता म्हणतो. तंबूवाल्याने प्रेक्षकांसाठी गाणे बदलले की त्याला ऱ्हास म्हणतो. दोघांसमोर उभा असलेला मालक एकच आहे, तो म्हणजे तिकीट काढणारा माणूस. आणि सारंगखेड्याच्या तंबूत तो मालक आपणच आहोत. आपण शिट्टीच वाजवू तर पुढचा फड शिट्टीचेच गाणे आणील. आपण वग संपेपर्यंत बसू तर वग जगेल. कलेला प्रेक्षक घडवितो, हे वाक्य व्याख्यानात टाळी मिळविते. ते आपल्याला लागू पडते, एवढे मात्र आपण विसरतो.

बीटल्सना कंटाळा आला तेव्हा त्यांना मागे ध्वनिमुद्रणाची खोली होती. फडाला मागे काही नसते. 2020 मध्ये साथ आली, जत्रा बंद झाल्या आणि तंबू गुंडाळून ठेवावे लागले तेव्हा ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दसऱ्याला निघायचे आणि वैशाखापर्यंत हिंडायचे, हा ज्यांचा वर्षाचा क्रम, त्यांच्या चुली दोन हंगाम थंडावल्या. रस्ता हेच ज्यांचे घर, त्यांचा रस्ताच कोणी उचलून नेला, असे ते झाले.

मग आपण काय करावे? मोठमोठे ठराव करावेत असे आम्ही म्हणत नाही. एक अगदी साधी सूचना मांडतो. मुंबईतील त्या 1853 च्या खेळाविषयी आज आपण बोलू शकतो, कारण एका वर्तमानपत्रात त्याची जाहिरात छापली गेली होती. कागदाच्या त्या कपट्याने इतिहास राखला. खेड्यातल्या मुक्कामाला वर्तमानपत्र नसते. तेथे गावानेच आपले दप्तर ठेवावे लागते. यंदाच्या यात्रेपासून एक वही घालावी. कोणता फड आला, कोणता वग झाला, ढोलकीवर कोण होते, सोंगाड्या कोण, नाचणाऱ्या मुली कोणत्या गावच्या, तिकीट किती, तंबू किती दिवस होता, हे त्यात लिहावे. ज्या म्हाताऱ्यांनी जुने फड पाहिले आहेत त्यांना कट्ट्यावर गाठून विचारावे आणि तेही लिहावे. घोड्याची विक्री झाली की त्याची पावती होते; मग ज्या माणसांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या रात्रभर हसविले-रडविले त्यांच्या नावाची एक ओळ आपल्या गावात असू नये काय?

आज आपण वसंतात जमलो आहोत. तिकडे नारायणगावात याच दिवसांत फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला तेथे जातात. मार्गशीर्षात तंबू पुन्हा आपल्या तापीकाठी येतील. मंडळींचा पहिला मुक्काम सांगलीतून निघाला तेव्हा पुढच्या गावी आपल्याला कोण भेटणार, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी ते निघाले, कारण पुढच्या गावातील माणसांवर त्यांचा विश्वास होता. ते पुढचे गाव म्हणजे आपण. त्या विश्वासाची परतफेड केवळ तिकिटाने होत नाही.