आधी कोणाची गाडी? सातारा-सांगलीच्या मैदानांतील पाळीचा इतिहास (थ्रेड)

माणदेशातील एखाद्या माळावर सायंकाळचे सहा वाजत आलेले असतात. सेमी फायनलच्या दोन फेऱ्या बाकी आहेत, फायनल त्यानंतर, आणि सूर्य कोणत्याही यात्रा कमिटीचे ऐकत नाही. निवेदक ध्वनिक्षेपकावरून गाडीमालकांना लवकर जुंपण्याची विनवणी करतो. सुटीच्या जागी सात छकडे एका रेषेत यायला हवेत. सहा येतात, सातव्याचा बैल मागे फिरतो, तोवर पहिल्याची जोडी पुढे सरकते आणि सगळी रांग मोडते. पुन्हा पहिल्यापासून. धाव अर्ध्या-पाऊण मिनिटाची असते. तिच्या तयारीत पंधरा मिनिटे जातात.

बैलगाडी शर्यतीविषयी गेल्या दशकभरात जे लिहिले गेले त्यातील बहुतेक बंदी, न्यायालय आणि प्राण्यांवरील क्रौर्य यांविषयी आहे, आणि ते आवश्यकच होते. परंतु मैदानावर जो वाद दर वेळी उभा राहतो तो निराळा आहे. धावपट्टी एक, दिवस एक, गाड्या शेकडो. आधी कोणी पळायचे?

हा प्रश्न आजच्या मैदानांपेक्षा पुष्कळ जुना आहे. मराठेशाहीतील पाटीलकीच्या वतनाचे कागद वाचणाऱ्यास त्यांत जमीन आणि उत्पन्न यांच्या बरोबरीने मानपानाची लांबलचक यादी आढळते. होळीची पोळी कोणी आधी लावायची, शिरपाव कोणी आधी घ्यायचा, आणि पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे चालायचे. पाटीलकी दोन भावांत विभागली गेली की जमिनीची वाटणी तुलनेने सोपी असे. बैलांच्या क्रमाची मात्र अवघड. काही वाटणीपत्रांत थोरल्याचे बैल उजवीकडे, धाकट्याचे डावीकडे, दोघांनी बरोबरीने चालावे, असा तोडगा काढलेला दिसतो. तंटा मिटला नाही तर गोतसभा बसे आणि महजर होई. बैल दोन पावले आधी निघाले की नाही, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालल्याचे वाचून आजच्या वाचकास हसू येईल. पण त्या दोन पावलांत गावातील सत्ता कोणाची, याचे जाहीर उत्तर दडलेले असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हाही हा मानपान गावांत पुरता जिवंत होता.

सातारा-सांगलीकडे पोळ्याऐवजी बेंदूर मोठा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. सीमेजवळच्या गावांत दोन्ही नावे कानी पडतात. मिरवणुकीत मानाची जोडी पुढे, मग इतर. येथे क्रम हा जन्माने ठरलेला. वेगवान बैल कोणाचा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

येथे भूगोलाविषयी थोडे सांगणे भाग आहे. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी बैलांच्या बाबतीत हा एकच मुलूख आहे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. आटपाडी हा औंधच्या पंतप्रतिनिधींचा महाल, जत हे डफळ्यांचे संस्थान, म्हसवड माण तालुक्यात. या कोरड्या पट्ट्यात खिलार जात घडली. उंच, पांढरा, लांब शिंगांचा, काटक आणि चालीला तेज असा हा बैल. खिलारच्या एका प्रकाराचे नावच ‘आटपाडी महाल’ असे आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा ही जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. खोंडाची किंमत तेथे ठरते, आणि ती ठरविण्यात त्याच्या पळण्याचा वाटा मोठा असतो.

म्हणजे मैदानातील पाळीचा प्रश्न हा निव्वळ हौसेचा नाही. चांगल्या मैदानात फायनलला गेलेल्या बैलाचा भाव एका दिवसात बदलतो. ज्या शेतकऱ्याकडे एकच खोंड आहे त्याच्या दृष्टीने आपला गट सकाळी आठला सुटतो की दुपारी दोनला, याला काय किंमत आहे हे वेगळे सांगायला नको.

एका धावपट्टीवर अनेक गाड्या कशा बसवायच्या, यास महाराष्ट्रात दोन भिन्न उत्तरे मिळाली. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात, शर्यत ‘घाटा’त होते. चढाची अरुंद धावपट्टी, एका वेळी एकच गाडा, पुढे घोडीवर स्वार, आणि निकाल घड्याळावर. प्रत्येक गाड्याच्या पळण्यास ‘बारी’ म्हणतात. बारी या शब्दाचा मूळ अर्थच पाळी. तेथे स्पर्धा सेकंदाशी असल्याने शेजारी कोण पळतो याने फरक पडत नाही. परंतु वेळ अफाट लागतो, म्हणून टोकन वाटून गाडे निरनिराळ्या दिवसांवर टाकले जातात. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे झालेली शर्यत, जिचे पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते, अशीच काही दिवस चालली.

सातारा-सांगलीने घड्याळ बाजूला ठेवले. येथे सपाट माळावर समांतर चाकोऱ्या आखतात, पाच-सात गाड्या एकदम सोडतात, आणि पुढच्या टोकाला झेंडापंच उभा असतो. पहिली आलेली गाडी सेमी फायनलला, तेथून फायनलला. उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. ३५० गाड्या असतील तर सातच्या हिशेबाने ५० गट होतात. प्रत्येक गटास दहा मिनिटे धरली तरी ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक. मग ५० विजेत्यांच्या सात-आठ सेमी फायनल, आणि शेवटी फायनल. घाटाच्या पद्धतीने, गाड्यास तीन मिनिटे धरून, याच ३५० गाड्यांस साडेसतरा तास लागले असते. गट पद्धतीने वेळ निम्म्यावर आणला खरा, पण त्या बदल्यात नशिबाला मैदानात घेतले. आपल्या गटात कोण पडतो, यावर आता सारे अवलंबून. दुसरा आलेला बैल इतर कोणत्याही गटात पहिला आला असता, ही तक्रार या पद्धतीच्या पोटातच आहे आणि तिला उत्तर नाही.

म्हणून चिठ्ठी. गट कसे पाडायचे हे कोणा माणसाने ठरविले तर संशय येणारच. तेव्हा सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या, लहान मुलाच्या हाताने उचलायच्या. अलीकडे हे लॉट आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर पाडले जातात आणि गाडीमालक ते घरी बसून मोबाईलवर पाहतात. वतनाच्या कागदांशी तुलना केली तर हा बदल लहान नाही. जेथे क्रम घराण्याने ठरत होता तेथे तो डब्यातून निघालेल्या कागदाच्या तुकड्याने ठरू लागला. मानाची गाडी अजूनही काही यात्रांत आरंभी पळते, परंतु पूजेपुरती. फायनलमध्ये जाण्यासाठी तिलाही चिठ्ठी चुकत नाही.

तरीही भांडण संपत नाही, कारण चिठ्ठी गट ठरवते, ऊन नाही. पहाटेच्या गारव्यात पळालेला बैल सेमी फायनलपर्यंत विश्रांती घेतो. शेवटच्या गटातील बैल दुपारच्या उन्हात पळतो आणि लगेच पुन्हा जुंपला जातो. नोंदणीची मुदत संपल्यावर आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या घ्यायच्या की नाही, घेतल्यास त्यांचा वेगळा गट करायचा की रिकाम्या जागी बसवायचे, हा दुसरा वाद. तिसरा वाद पैऱ्याचा. शेतीत पैरा म्हणजे दोन शेतकऱ्यांनी एकमेकांस बैल देऊन औत पुरे करणे. मैदानात तोच शब्द जोडीदार बैलासाठी आला. एकाचा एक, दुसऱ्याचा एक, अशी जोडी होते. मग नामांकित बैलाने दोन निरनिराळ्या पैऱ्यांसह दोन गटांत पळावे काय? पळाला तर धावपट्टीचा दुप्पट वेळ एका घराला गेला, असे इतरांनी म्हणणे स्वाभाविक आहे. नुकत्याच तयार होणाऱ्या खोंडांसाठी, ज्यांना अद्याप कायमचे दात आलेले नसतात, ‘आदत’ हा वेगळा वर्ग ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

शिवाय तास. नांगर चालला की जमिनीत जी सरळ रेघ पडते तिला शेतकरी तास म्हणतात, आणि मैदानातील चाकोरीलाही हेच नाव. कडेच्या तासावर गर्दीचा गलका असतो, एखादा तास भुसभुशीत निघतो, एखाद्यात सकाळपासूनच्या धावांनी खड्डा पडलेला असतो. गाडीने तास सोडून शेजारच्या तासात उडी घेतली की ती बाद. पण ज्याच्या पुढे ती आडवी आली त्याची धाव गेलीच. त्याला पुन्हा पळू द्यायचे तर वेळ कोठून आणायचा? घड्याळाचा तास आणि नांगराचा तास, दोन्ही अपुरे.

हे कोडे केवळ माणदेशाचे नव्हे. प्राचीन रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये रथांसाठी बारा सुटीची दारे होती आणि कोणते दार कोणास, हे भांड्यातून चिठ्ठी काढून ठरे. ती दारे सरळ रेषेत नव्हती. कोणत्याही दारातून निघाले तरी पहिल्या टप्प्यापर्यंतचे अंतर सारखे पडावे म्हणून ती कमानीसारखी वळवलेली होती. म्हणजे चिठ्ठीवर पूर्ण भरवसा रोमन लोकांनीही ठेवला नाही. दक्षिण कन्नड भागातील कंबळात शेजारी-शेजारी चिखलाच्या दोन धावपट्ट्या असतात, आणि तेथे दिवस पुरत नाही म्हणून दिव्यांच्या उजेडात रात्रभर म्हशी-रेडे पळतात. माळरानावर हा मार्ग अवघड. भरधाव जोडी अंधारात गर्दीत शिरली तर काय होते, हे जुन्या शौकिनांना ठाऊक आहे. म्हणून अंधार पडला की फायनल न घेता बक्षीस सर्वांत विभागून देण्याचा रिवाज आला. न्याय्य आहे, पण कोणालाच न आवडणारा.

मग बंदी आली. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही अवैध ठरविल्या. न्यायालयापुढे आलेल्या मारहाणीच्या नोंदी खऱ्या होत्या, हे शर्यतप्रेमींनी मान्य करायला हवे. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून क्रौर्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि नियमांत धावेचे अंतर १००० मीटरपर्यंत मर्यादित केले. पण उच्च न्यायालयाने त्याच वर्षी परवानग्या रोखल्या.

बंदीच्या काळातील सर्वांत गाजलेला प्रसंग हा देखील वेळेचाच आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी आटपाडी तालुक्यातील झरे येथे आमदार गोपीचंद पडळकर यांनी शर्यत जाहीर केली. प्रशासनाने आसपासच्या गावांत संचारबंदी लावली, नियोजित धावपट्टी उकरून टाकली. आयोजकांनी रातोरात दुसऱ्या माळावर पट्टी तयार केली आणि पोलीस पोहोचण्यापूर्वी पहाटेच गाड्या पळविल्या. एरवी दिवस पुरत नाही म्हणून रडणाऱ्या मैदानास त्या दिवशी जेमतेम काही मिनिटे मिळाली, आणि त्या मिनिटांत कोण आधी पळाले यावर कोणी वाद घातल्याचे ऐकिवात नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर नवा गोंधळ सुरू झाला. पूर्वी मैदान यात्रेचे असे आणि यात्रा तिथीची. त्यामुळे कोणत्या गावचे मैदान कधी, हे पंचांगच सांगे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील मैदान तसे आहे. आता वाढदिवस, निवडणूक, पुण्यतिथी अशा निमित्तांनी मैदाने भरतात. एकाच रविवारी तीन गावांची पत्रके निघतात, आणि नावाजलेल्या बैलाने कोठे जायचे यावरून आयोजकांत रुसवे होतात. बक्षिसेही वाढली. २०२३ च्या एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यातील भाळवणीच्या मैदानात थार गाडी ठेवली होती. २०२५ च्या नोव्हेंबरात कवठे महांकाळ तालुक्यातील बोरगावला फॉर्च्युनर. बक्षीस मोठे तशी नोंदणी मोठी, आणि नोंदणी मोठी तसा दिवस लहान.

या सगळ्यात ज्याचे मत कोणी विचारत नाही तो मध्यरात्री टेम्पोत चढलेला असतो. कायद्यास अंतर मोजता येते, चाबूक आणि काठी ओळखता येते. पण गट लांबला म्हणून जू मानेवर घेऊन उन्हात उभे राहण्याचा वेळ कोणत्या पट्टीने मोजणार? काही मैदानांत आता गाड्यांची संख्या आधीच मर्यादित करतात, गटाची अंदाजे वेळ कळवितात, आणि पुकारा होऊनही गाडी रांगेत आली नाही तर तिच्यावाचून गट सोडतात. असा गट पहिल्यांदा सुटतो तेव्हा मागे राहिलेला मालक हातात कासरा घेऊन झेंडापंचाकडे धावत जातो. पंच त्यास पत्रकावरची शेवटची ओळ दाखवितो, आणि पुढच्या गटाचा पुकारा होतो.