हुगळीकाठच्या गिरण्या आणि नारायण मेघाजी लोखंडे

बराकपूर म्हटले की आपल्या माणसाला मंगल पांडे आठवतो. २९ मार्च १८५७ रोजी याच छावणीत त्याने बंदूक उचलली. गावाकडून पाहुणे आले की आम्हीही त्यांना छावणी आणि गांधी घाट दाखवून आणतो. पण या परिसराला आणखी एक इतिहास आहे. बी. टी. रोडने श्यामबाजारच्या दिशेला निघालो की टिटागढ, खडदा, कामारहाटी अशी एकामागून एक गिरण्यांची गावे लागतात. तागाच्या गिरणीला इथे ‘चटकल’ म्हणतात. काही चालू, काही बंद. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना इथला भोंगा आणि कुली लाइनीतली दाटी अनोळखी वाटणार नाही.

दरवर्षी आपल्या उत्सवाच्या शिल्लक निधीतून काही समाजकार्य करावे असे ठरते. मग वह्या की ब्लँकेटे, रक्तदान की आरोग्य शिबिर, यावर बैठकीत चर्चा रंगते. कुणीतरी म्हणतेच, ‘‘समाजकार्यात राजकीय विचार आणू नका, चपलांबरोबर तो बाहेर ठेवा.’’ हे म्हणणे वरवर रास्त वाटते. पण इतिहास काय सांगतो? त्यासाठी बराकपूर महकुम्यातल्या बारानगरला आणि तिथून मुंबईच्या परळला जाऊन येऊ.

हुगळीच्या पलीकडे रिशडा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली आणि चारच वर्षांनी बोर्निओ कंपनीने बारानगरला यंत्रमाग आणले. त्याच बारानगरचे शशिपद बॅनर्जी (१८४०-१९२४) हे ब्राह्मो समाजाचे सुधारक. त्यांनी आधी पत्नीला घरीच लिहावाचायला शिकवले, मग गावात मुलींची शाळा काढली. १८७१ साली दोघे विलायतेला गेले तेव्हा केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना करावी! पुढे १८८७ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम उघडला. आणि १८७० साली, म्हणजे कामगार संघटना हा शब्दही आपल्या देशात रुळला नव्हता तेव्हा, त्यांनी गिरणीकामगारांचा क्लब काढला. रात्रशाळा चालवल्या, बचतीची सवय लावली, दारूविरुद्ध प्रचार केला. १८७४ साली ‘भारत श्रमजीवी’ हे एक पैसा किमतीचे मासिक सुरू केले.

एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाला प्रथम नमस्कारच केला पाहिजे. परंतु या कामामागचा विचारही नीट पाहावा लागतो. कामगाराने शिकावे, काटकसर करावी, व्यसन सोडावे, म्हणजे त्याचे कल्याण होईल, अशी ही श्रद्धा होती. सुधारायचे होते ते कामगाराला. कामाचे तास किती, मजुरी किती, हात यंत्रात गेला तर पुढे काय, हे प्रश्न त्या कामाच्या केंद्रस्थानी नव्हते. म्हणूनच गिरणीमालकांनाही हे काम खटकले नाही.

आता मुंबई. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. काही काळ ते एका गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे गिरणीचे आतले जग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० साली त्यांनी मुंबईत आणून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या? रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार, आणि कायमचे अपंगत्व आले तर निर्वाहाची सोय. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचावी. यातली एकही गोष्ट दान नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

बारानगर आणि परळ यांतला फरक इथे आहे. एकीकडे सुधारक कामगाराला काय हवे ते सांगतो. दुसरीकडे कामगार स्वतः सांगतो आणि पुढारी ते कागदावर उतरवतो. हा फरक दोघांच्या मनाच्या चांगुलपणातला नव्हे, तो विचारसरणीतला होता. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच गेले. हक्कासाठी भांडणाऱ्याला सेवा जमत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुढे २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मात्र एका विचाराचे सारे योग्य आणि बाकीच्यांचे चूक, इतका हा हिशेब सोपा नाही. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायदे आणावेत असा आग्रह लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही होता, कारण त्यांना इथली स्पर्धा नको होती. म्हणून १८८१ च्या फॅक्टरी कायद्याला बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी विरोध केला, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांत होते. देशी उद्योग वाचवण्याची ती तळमळ खरी होती, पण तिच्या सावलीत सात-आठ वर्षांची गिरणीतली पोरे झाकली गेली. आणि त्याच लोकमान्यांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला, हेही तितकेच खरे.

पुढची पिढी ना. म. जोशी यांची. भारत सेवक समाजाच्या या उदारमतवादी कार्यकर्त्याने १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, पतपेढ्या अशी बारानगरच्याच धाटणीची कामे गिरणगावात सुरू झाली. पण जोशी तिथे थांबले नाहीत. १९२० साली आयटकच्या स्थापनेत ते होते आणि १९२६ साली त्यांनी कापड कामगारांची युनियन उभी केली. सेवेतून हक्काकडे जाणारी वाट त्यांनी चालून दाखवली.

कम्युनिस्टांच्या पुढाकाराने झालेला १९२८ चा मोठा संप सुमारे सहा महिने चालला. मागण्या सतरा होत्या. पण विणकाम खात्यात, जिथे पगार अधिक, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने बाट होतो असे सवर्ण कामगार मानत. समतेच्या नावाने चाललेल्या लढ्यातही हे कुणाच्या यादीत नव्हते! डॉ. आंबेडकरांनी ही मागणी घ्यायला लावली, तीही पुढाऱ्यांनी नाखुशीनेच घेतली.

यावरून मला वाटते ते असे. राजकीय विचार चपलेसारखा बाहेर काढून ठेवता येत नाही. आपल्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यावरच ठरत असते. म्हणून विचार लपवण्यापेक्षा त्याला काही नियमांचा लगाम घालावा. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना आधी विचारावे. मदतीच्या बदल्यात मत, जयजयकार किंवा हात पसरलेला फोटो मागू नये. त्यांच्या घरातली गोष्ट कळली तर ती चहाच्या टेबलावर आणू नये. आणि यादी पूर्ण झाली असे वाटले की कोण राहिले, हे पुन्हा एकदा पाहावे. हे नियम कुठल्याही पक्षाच्या माणसाला पाळता येतात, आणि आपल्या मंडळात तर सर्व रंगांची माणसे आहेत.

तेव्हा कार्यकारिणीला एक सूचना करतो. यंदा वह्या की ब्लँकेटे हे ठरवण्याआधी चार-पाच जणांनी एखाद्या संध्याकाळी गिरणीच्या लाइनीत जाऊन बसावे. आपल्यापैकी बहुतेकांना बांगला येते, तिथे हिंदीही चालते. काय हवे ते त्यांच्या तोंडून ऐकावे. कदाचित ते वह्याच म्हणतील. कदाचित एखादा म्हणेल, ‘‘थकलेल्या पेन्शनचा अर्ज भरून द्या.’’ तो अर्ज भरायला खर्च काहीच नाही, फक्त आपल्यातल्या निवृत्त मंडळींची एक दुपार लागेल. बुद्धीच्या देवतेचा उत्सव करणाऱ्यांनी एवढे जरूर करावे.

गणपती बाप्पा मोरया!