देवीच्या पायऱ्या आणि दवाखान्याचा उंबरठा

श्रोतेहो, इंदुराहून निघालेला हमरस्ता बऱ्हाणपूर ओलांडून दक्षिणेस उतरतो आणि निमाड संपून खानदेश सुरू होण्यापूर्वी इच्छापुरास येतो. या लहान गावाचे नाव त्या रस्त्यालाच मिळाले आहे. गावालगतच्या टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते, तेव्हा सीमेच्या दोन्ही अंगांच्या केळीच्या व कापसाच्या शेतांतून माणसे येतात आणि पायऱ्या चढून देवीपुढे आपली इच्छा बोलतात. कोणास मूल हवे असते, कोणाचे कर्ज फिटावयाचे असते. आणि कोणाचे गाऱ्हाणे असे असते की, झोप उडाली आहे, छातीत धडधडते, संसारात मन रमत नाही, घरचा कर्ता दारूत बुडाला आहे. असे गाऱ्हाणे टेकडी चढून जाते. परंतु दवाखान्याचा उंबरठा मात्र ते सहसा ओलांडीत नाही. असे का व्हावे, आणि या प्रश्नाचा शोध आपल्या देशात कसकसा घेतला गेला, तेच आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

राज्यपुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, इच्छापूर ज्या प्रांतात मोडत होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि नागपुरास १८६४ पासून मनोरुग्णांचे इस्पितळ होते. इच्छापुराहून नागपूर किती दूर, हे निराळे सांगावयास नको. परंतु खरे अंतर मैलांचे नव्हते. १९१२ च्या कायद्यान्वये मनोरुग्णास इस्पितळात धाडण्याचा हुकूम दंडाधिकारी देत असे. ज्या दुखण्याची वाट कचेरीतून जाते, ते दुखणे कोण बोलून दाखवील? मनाचा आजार म्हणजे वेड आणि वेड म्हणजे कोठडी, हे समीकरण त्या काळात लोकांच्या मनात जे रुजले, ते कायदे बदलल्यावरही पुरते उपटले गेलेले नाही.

या विषयात प्रथम हिशेब मांडला तो भोर समितीने. १९४६ साली सादर झालेल्या तिच्या अहवालात असे दिसून आले की, साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या; म्हणजे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक. त्याच काळी इंग्लंडात तीनशे लोकांमागे एक खाट होती. हे आकडे पाहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. केवळ इमारती बांधून ही दरी बुजणारी नव्हती. १९५४ मध्ये बंगळूर येथे तज्ज्ञ तयार करणारी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला, आणि १९९६ पासून तो जिल्हावार राबविण्यास प्रारंभ झाला. कागदावर तरी रुग्णाची वाट आता नागपूर-बंगळुराऐवजी जिल्ह्याच्या गावापर्यंत आली.

तथापि वाट आखली म्हणजे वाटसरू येतोच असे नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या त्याच संस्थेने मध्य प्रदेश धरून बारा राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारांवाचून होते. मग ही सारी माणसे जातात कोठे?

काही देवळांत, दर्ग्यांत जातात. त्यांस केवळ हसून चालणार नाही आणि डोळे मिटून मान डोलावूनही भागणार नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका निवासास आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण त्यात होरपळून मेले. श्रद्धेच्या आडोशाने चाललेल्या क्रौर्याचा तो कळस होता. परंतु पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याच तामिळनाडूतील एका मंदिराविषयी निराळाच अहवाल प्रसिद्ध झाला. तेथे काही आठवडे राहून गेलेल्या ३१ रुग्णांना तज्ज्ञांनी येतेवेळी व जातेवेळी तपासले होते. त्यांच्या लक्षणांची तीव्रता सरासरीने पाचव्या हिश्श्याने उतरलेली दिसली. तेथे साखळदंड नव्हते, मारहाण नव्हती. निवारा होता, रोजचे साधे काम होते आणि कोणी हिणवीत नव्हते. एवढ्या थोड्या रुग्णांवरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही. पण माणूस टेकडी का चढतो, याचा काही उलगडा त्यातून होतो. तेथे त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि त्याची अब्रू शाबूत राहते.

हेच दोन गुण दवाखान्यात आणता येतील काय? १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने व तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांनी हा प्रश्न कसोटीस लावला. गोव्यातील स्त्रिया डॉक्टरांपाशी येत त्या अंगदुखी, अशक्तपणा, निद्रानाश घेऊन. फार तर ‘टेन्शन’ आहे म्हणत. मग त्या भागातल्याच सुशिक्षित तरुणींना दोन महिन्यांचे शिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. चोवीस दवाखान्यांतील सुमारे अठ्ठावीसशे रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत, जेथे समुपदेशक होत्या तेथे सहा महिन्यांत शेकडा ६५.९ रुग्ण बरे झाले. जेथे नव्हत्या तेथे ४२.५. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. कदाचित तेथील डॉक्टर आपल्या रुग्णांस आधीच नावागावासकट ओळखत असावेत. पुढे दारूच्या आहारी जाऊ लागलेल्या पुरुषांशी थोडक्या बैठकांत बोलण्याचा प्रयोगही गोव्यात झाला. २०१७ च्या अहवालानुसार तीन महिन्यांनी शेकडा ३६ जण धोक्याबाहेर आले. एरवी हे प्रमाण २६ होते.

आता दोन जिल्हे शेजारी ठेवून पाहू. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात २०११ पासून राज्य शासनाच्या साहाय्याने आरोग्यकेंद्रांत मानसिक उपचारांची सोय करण्याचा प्रकल्प चालला. जे केंद्रापर्यंत आले त्यांस गुण आला; परंतु गावोगाव पाहणी केली तेव्हा उपचारांस येणाऱ्यांची संख्या म्हणण्यासारखी वाढलेली दिसली नाही. विदर्भातील अमरावती जिल्ह्यात मात्र ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात तीस गावांत कार्यकर्ते घरोघर गेले, गटागटांत बोलले, गावातच समुपदेशन केले. डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी पूर्वी शेकडा ४.३ जण मदत घेत होते, ते प्रमाण अठरा महिन्यांत २७.२ वर गेले. एका ठिकाणी दार उघडून वाट पाहिली; दुसऱ्या ठिकाणी दारापर्यंत चालत गेले. सारा फरक एवढाच.

श्रोतेहो, संशोधनाचे मोल येथे ध्यानात येते. सीहोरचे अपयश कोणी मोजले नसते, तर खोल्या उघडल्या, औषधे ठेवली, म्हणजे कार्यभाग उरकला असे समजून आपण स्वस्थ बसलो असतो. धोरणाला शाबासकीपेक्षा अशा आरशाची गरज अधिक असते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालील माणूस मानावे असे सांगितले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळू लागला. १९१२ च्या हुकूमनाम्यापासून हा पल्ला मोठा आहे, यात शंका नाही.

परंतु हक्क कायद्यात असून भागत नाही. तो इच्छापुराच्या एखाद्या ओसरीवर जाऊन कोणी तरी सांगावा लागतो. देवीपुढे बोललेली इच्छा देवीपाशीच राहो; तिला कोणी हात लावू नये. मात्र त्या पायऱ्या उतरून माणूस घरी परततो, तेव्हा त्याच्याच बोलीत त्याची विचारपूस करणारे, त्याचे गुपित राखणारे आणि लागल्यास हाताला धरून दवाखान्यात नेणारे एखादे माणूस गावात असावे. असे माणूस थोड्या शिक्षणाने तयार होते, हे गोव्याने दाखविले. ते घरोघर गेले तर लोक पुढे येतात, हे अमरावतीने दाखविले. आता अशी माणसे गावोगाव नेमणे, हे काम शासनाचे. आणि ती दारी आली असता लाज न धरता त्यांस आत बोलावणे, हे आपले.