ट्रॅक डेसाठी रोजची गाडी: ब्रेक आणि कूलिंगची तयारी

शर्यतींसाठी बांधलेल्या ट्रॅकवर शुल्क भरून, नेमून दिलेल्या वेळेत स्वतःची गाडी पूर्ण वेगाने चालविण्याच्या उपक्रमास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही स्पर्धा नव्हे. येथे क्रमांक लागत नाहीत. भारतात चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टै येथील सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील 2011 मध्ये सुरू झालेले बुद्ध सर्किट ही त्याची ठिकाणे. गोव्यात असा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. त्यामुळे येथील हौशी चालक शेकडो किलोमीटर गाडी चालवीत तेथे जातो आणि त्याच गाडीने, त्याच ब्रेकवर, घाट उतरून घरी परततो. गाडीत कोणताही बदल करताना या परतीच्या प्रवासाचा विचार आधी करावा लागतो.

ट्रॅकवर गाडीची खरी परीक्षा वेगापेक्षा उष्णता घेते. चालकासह 1,100 किलो वजनाची गाडी ताशी 140 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर सुमारे 680 किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. तेवढ्या ऊर्जेत सव्वादोन लिटर नळाचे पाणी उकळीला येईल. यातील बहुतांश उष्णता तीन-चार सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये शिरते, आणि ब्रेक मारताना भार पुढे झुकत असल्याने पुढच्या चाकांवर अधिक पडते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा येतो आणि मध्ये थंड होण्यास पुरेशी सवड मिळत नाही.

पहिला खर्च करावा तो ब्रेक ऑइलवर. नावात ऑइल असले तरी नेहमीच्या गाड्यांतील हे द्रव ग्लायकोलवर आधारित असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा, असा दंडक आहे. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या गाडीच्या मालकाने हा फरक मनावर घ्यावाच. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोहोचत नाही आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ट्रॅकपूर्वी संपूर्ण द्रव बदलून ब्रेकमधील एअर काढावी. सिलिकॉनचे डॉट 5 मात्र या द्रवांत मिसळू नये, डॉट 5.1 हा निराळा, ग्लायकोल जातीचाच प्रकार आहे.

पेडल घट्ट लागते, तरीही गाडी थांबत नाही, हे लक्षण पॅडचे. मर्यादेपलीकडे तापलेल्या साध्या पॅडची पकड सुटते. ट्रॅकचे पॅड ती उष्णता सोसतात. परंतु थंड असताना त्यांची पकड बेताची असते, ते किंचाळतात आणि डिस्क लवकर झिजवतात. पहाटेच्या घाटात पहिल्याच वळणावर असे पॅड दगा देऊ शकतात. जुने पॅड सोबत नेऊन ट्रॅकवरच अदलाबदल करणे, हा कष्टाचा पण शहाणपणाचा मार्ग.

मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा संच आकर्षक दिसतो. नवशिक्याने तो सर्वांत शेवटी घ्यावा. केवळ पुढचे ब्रेक वाढविल्यास पुढच्या-मागच्या चाकांतील समतोल ढळू शकतो आणि मोठ्या रिमचा खर्च मागे लागतो. भोके पाडलेल्या डिस्कला भोकांपाशी तडे जाण्याची भीती असते. खाचांची किंवा साधी हवेशीर डिस्क बरी. स्टीलच्या जाळीचे होज पेडलची जाणीव सुधारतात, तापमान कमी करीत नाहीत. त्यापेक्षा पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारी नळी स्वस्त आणि गुणकारी.

इंजिनाच्या बाबतीत प्रथम जुन्या गोष्टी तपासाव्यात: रेडिएटरचे झाकण, होज, पंख्याचा पट्टा. झाकण दाब धरते म्हणूनच कूलंट शंभर अंशांवर उकळत नाही. जीर्ण रबराचे झाकण नव्या रेडिएटरलाही निकामी करते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजांत सर्रास मिळतो, तो मानू नये. रेडिएटरभोवतीच्या फटी बुजवून हवा त्याच्या जाळीतूनच जाईल, अशी सोय केल्यास पुष्कळ काम होते. अनेक गाड्यांतील तापमानाचा काटा मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी रीडरवर खरा आकडा पाहावा. इंजिन ऑइल 130 अंशांपलीकडे वारंवार जात असेल, तर थर्मोस्टॅटसह ऑइल कूलर बसवावा.

नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. पॉलिसीचा कागद निघण्यापूर्वीच वाचावा.

ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांहून अधिक सलग राहू नये. शेवटची फेरी ब्रेक न वापरता, सावकाश घ्यावी. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. गिअरमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावावा, आणि रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण निवेपर्यंत उघडू नये.