तेलाच्या घाण्यापासून लेथपर्यंत

या स्मरणिकेत प्रार्थनेविषयी आणि सणांविषयी पुष्कळ लिहिले जाईल. आम्ही कार्डिफची मंडळी हातच्या कामाविषयी लिहीत आहोत.

कुलाबा जिल्ह्यात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने हे नाव ठेवले. ती विद्या बाप मुलाला घाण्यापाशीच देई. मुंबईत आल्यावर कोणी सुतार झाले, कोणी गवंडी, कोणी पलटणीत गेले. पलटणीतल्याच सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली इस्रायली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. तिचे उपकार फार मोठे. पण शिकलेला मुलगा म्हणजे रेल्वेत नाही तर सरकारी कचेरीत कारकून, हे समीकरणही त्याच काळात घट्ट झाले. तेलकट हातांची आपल्याला थोडी लाज वाटू लागली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती लाज कमी करायला बाहेरची संस्था यावी लागली. १८८० साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, गरीब यहुदी कुटुंबांना कसब शिकवण्यासाठी 'ओआरटी' स्थापन झाली. १९६० नंतरच्या दशकात तिने मुंबईत मुलांसाठी आणि पुढे मुलींसाठीही धंदेशिक्षण सुरू केले. डिमोना, अश्दोद, लोद येथे गेलेल्यांना भाषा नव्याने शिकावी लागली, पण पाना आणि मोजपट्टी सगळीकडे सारखीच.

विलायतेत कसबाला कायद्यानेच किंमत आली. १९६२ च्या कायद्यानंतर राष्ट्रकुलातून कामासाठी येणाऱ्याला व्हाउचर लागे. 'ए' वर्ग नोकरी ठरलेल्यांचा, 'बी' वर्ग खास शिक्षण वा कसब असलेल्यांचा, 'सी' उरलेल्यांचा. थोड्याच वर्षांत 'सी' बंद झाला. ट्रंकेत जपून ठेवलेल्या सर्टिफिकेटावर माणूस आत की बाहेर हे ठरू लागले. आत आल्यावरही ते कागद कारखान्याच्या फाटकावर मानले जातीलच, अशी खात्री नव्हती. हाताखालचा मदतनीस म्हणून पुन्हा पहिलीपासून सुरुवात करणे किती कडू असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

आणि कार्डिफ तरी कुठे स्थिर होते? १९१३ साली येथून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बोटींत चढला. १९६४ साली शेवटचा गेला. १९७८ मध्ये ईस्ट मूर्सचा पोलाद कारखाना बंद झाला आणि हजारो कसबी माणसे एकदम रिकामी झाली. शहराच्या उत्तरेला ट्रेफॉरेस्टची औद्योगिक वसाहत मात्र वेगळी गोष्ट सांगते. हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या अनेक यहुद्यांनी १९३० च्या दशकाअखेरीस तेथे कारखाने थाटले आणि बेकारीने गांजलेल्या खाणवस्त्यांतील लोकांना नवे काम शिकवले. परका शिकवतो आणि गाववाला शिकतो, असेही घडते!

जपानी सोनी कंपनी १९७४ साली जवळच्या ब्रिजेंडला आली. काचेच्या नळीचे टीव्ही मागे पडले, तसा तेथील कारखाना २००५ साली बंद झाला. पण पेनकॉइडचा तिचा कारखाना चालू राहिला, आणि २०१२ पासून तेथे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक तयार होऊ लागला. तो मुलांना शिकता यावे म्हणूनच काढलेला. आमच्या नातवंडांनी त्यावर दिवे लावायला शिकून घेतले. डाग देण्याची इस्त्री कशी धरायची, ते मात्र आजोबांनी दाखवले.