काचेच्या विटांची भिंत

श्रोतेहो, उजेड आत यावा, पण बाहेरच्याची नजर येऊ नये, ही अडचण तुमच्याआमच्या घरात नित्याचीच. पॅरिस शहरात डॉक्टर जाँ दालझास यांनाही तीच पडली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ. जुनं घर पाडून तिथं राहतं घर आणि दवाखाना बांधायचा होता. पण वरच्या मजल्यावरच्या वृद्ध भाडेकरूबाई काही केल्या जागा सोडीनात! मग पिएर शारो या रचनाकाराने बाईंचा मजला पोलादी खांबांवर तोलून धरला, खालचे मजले पाडले, आणि १९२८ ते १९३२ या काळात त्या जागी नवे घर उभारले.

पुढचं अंगण अरुंद, म्हणून दर्शनी भिंत काचेच्या विटांची केली. उजेड आत झिरपतो, आतला माणूस मात्र बाहेरून ओळखू येत नाही.

आता यातली मेख पाहा. या भिंतीवर घराचा भार नाही; तो खांबांवर आहे. आपल्या न्हाणीघराला कुणी अशी भिंत घातली, तर त्यानेही वरचा भार तुळईवर घ्यावा. काचेने फक्त स्वतःचे वजन पेलावे.

आणि हो, म्हाताऱ्या बाईंना बाहेर न काढताही नवे घर बांधता येते, हेही त्याच खांबांनी दाखवून दिले.