कारबेटर-पुराण

शुद्ध शब्द 'कार्ब्युरेटर'. पण हा शब्द शुद्ध उच्चारणारा मिस्त्री मला आजवर भेटलेला नाही आणि शुद्ध उच्चारणाऱ्या गृहस्थाला ती वस्तू दुरुस्त करताना कोणी पाहिलेले नाही. आमच्या गोंदियाच्या गॅरेजात त्याचा 'कारबेटर' होतो. आपणही तोच शब्द वापरू. उगाच जीभ आणि जेट दोन्ही अडकायला नकोत.

इंजिन हे पोट मानले तर कारबेटर हे त्याचे तोंड. पोटाला पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल असे जेवण लागते, आणि तेही वजनाने मोजून. पेट्रोल वाढले की धूर, घटले की खोकला. ओझे चढवताना साहेबांना थोडे तुपकट जेवण लागते, बारा-तेरास एक. इतके पथ्यपाणी आमच्याकडे फक्त जावयाचे सांभाळतात.

हे जेवण वाढायची रीत बसायला काही वर्षे गेली. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत हवा नुसती पेट्रोलवरून फिरवून आणत, म्हणजे वासावर जेवण. १८९३ साली विल्हेल्म मायबाख यांनी फवारा आणला. हवेची वाट मध्येच अरुंद केली की हवा धावते, तिचा दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक तोटीतून आपसूक वर ओढले जाते. ज्यांनी डासांवर फ्लिटचा पंप मारला आहे त्यांनी हे शास्त्र नकळत घरीच केले आहे. त्या अरुंद वाटेला घसा म्हणायचे आणि तोटीला जेट. सगळा महिमा या दोन भोकांचा.

भोक बुजण्याची परंपराही तितकीच जुनी. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या माउलीने नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर गाडी नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे जगातली पहिली लांबची मोटारयात्रा एका बाईने केली आणि वाटेतली पहिली दुरुस्तीही तिनेच केली. नवरे नंतर कंपनीचे नाव लावायला आले.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून शेव्हरोलेट जोडायला सुरुवात केली. गोंदियाला तेव्हा रेल्वेचे वेड होते. बंगाल-नागपूर रेल्वेचे जंक्शन, त्यात ब्रॉडगेज आणि नॅरोगेज दोन्ही. भाताच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने त्या जंक्शनच्या आधाराने वाढले. पण धान आणि तेंदूपत्ता काही स्वतःहून स्टेशनावर येत नाही. त्यासाठी बैल होते, आणि बैलाला कारबेटर नसतो हा त्याचा मोठा गुण होता.

मग युद्ध आले. १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. तापलेल्या कोळशातून बेताची हवा ओढून जो गॅस निघे, तो इंजिनाला पाजायचा. आमचे वडील सांगत, की अशा बसमध्ये तिकीट काढणाऱ्याला बसायचा हक्क सपाटीवर असे. चढावर उतरून ढकलायचे. ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटे. त्याच काळात इंग्रजांनी आमच्या बिरसीला विमानाची धावपट्टी बांधली. तिकडे विमाने, इकडे कोळशावरची बस. एकाच तालुक्यात दोन्ही शतके नांदत होती.

युद्ध संपले आणि लष्कराचे ट्रक लिलावात निघाले. एकट्या कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांच्या वर लष्करी वाहने बांधली होती, त्यातली बरीच आपल्याकडे उतरली. हेच ते 'डिस्पोजलचे ट्रक'. चपट्या नाकाचे, बुलडॉगच्या तोंडाचे. रणगाड्यांच्या मागे धावायला जन्मलेला हा प्राणी आमच्याकडे लाकडी फळ्यांचा हौदा लावून धान वाहू लागला. जागचा न हलता त्याने राज्येही पाहिली: १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. जिल्हा तेव्हा भंडारा. गोंदियाचा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता.

माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका शेठजींकडे असा शेव्हरोलेट होता. सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचे पोट, नवेपणी पंच्याऐंशी घोडे. त्यातले किती घोडे तोवर दगावले होते देव जाणे. सिलिंडर झिजले म्हणून शेठजींनी ते साठ थाऊ बोअर करून घेतले, मोठे पिस्टन घातले आणि जाहीर केले, "आता इंजिन मोठं झालं, तोंडही मोठं लावा." कुठल्याशा संस्थानी मोटारीतून निघालेला दोन घशांचा टोलेजंग कारबेटर त्यांनी आधीच पैदा केला होता.

मिस्त्री पाना खाली ठेवून म्हणाला, "काऊन जी शेठ? पोट वाढलं किती, मोजलं का तुमी?"

मग त्याने जमिनीवर खडूने हिशेब मांडला. साडेतीन इंच व्यासाचे सिलिंडर, त्यात साठ हजारांश इंच वाढ. म्हणजे शंभरात साडेतीन. सहाही सिलिंडर मिळून सुमारे सव्वाशे सीसी. "एक कप चा वाढला जी. एका कपासाठी हंडा कायले लावता?"

हिशेब पुढेही जातो. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेते. तीन हजार फेऱ्यांना दीड हजार घास, दर घास साडेतीन लिटर. झाले सव्वापाच हजार लिटर. खरे इंजिन त्यातले शेकडा ऐंशीच गिळते, म्हणजे मिनिटाला बेचाळीसशे लिटर. बोअर केल्यावर साडेत्रेचाळीसशे धरा. एवढी हवा ज्या घशातून ऐटीत जाईल तोच घसा निवडायचा. त्याहून मोठा घेतला तर कमी फेऱ्यांना हवा रमतगमत जाते, तिला वेग येत नाही, दाब उतरत नाही, आणि जेटमधले पेट्रोल वर यायला तयार होत नाही. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळते आणि नेमकी ओझे उचलताना घुटमळते.

शेठजींनी ऐकले नाही. रिकामा ट्रक बालाघाट रोडवर अशा दिमाखात पळाला, की त्यांनी मिस्त्रीला पेढे पाठवले.

मे महिना संपत आला तेव्हा तो देवरीकडून तेंदूपत्ता भरून निघाला. आभाळ भरत होते. पत्ता भिजला की काळा पडतो, आणि त्या बोऱ्यांत कित्येक घरांचे भर उन्हातले महिन्याचे हात होते. नाल्याच्या रपट्यावरून वर चढताना ट्रकने तीनदा ठसका दिला आणि मान टाकली. अर्धा माल उतरवून, बैल जुंपून तो काठावर आणला. पाऊस रात्री आला म्हणून निभावले.

शेठजी स्वतः गॅरेजात आले. मिस्त्री एक शब्द बोलला नाही. जुना कारबेटर त्याने पेट्रोलमध्ये धुऊन आधीच फडक्यात बांधून ठेवला होता. घसा तोच ठेवला, जेट तेवढा एक नंबर मोठा घातला. "लहान तोंडी मोठा घास" ही म्हण मी शाळेत शिकलो. लहान घासाला मोठे तोंडही तितकेच वाईट, हे तिथे शिकलो.

त्याच्या गॅरेजात आणखी दोन नियम होते. एक, जेटमध्ये स्टोव्हची पिन घालायची नाही. पितळ मऊ असते, पोलादी पिन भोक मोठे करते, मग गाडी पेट्रोल पिते आणि दोष पंपवाल्याला जातो. फुंकर मारा, हवा मारा, पिन मारू नका. बर्थाबाईंनी नळीत पिन घातली होती, जेटमध्ये नव्हे. दुसरा नियम, वैशाखात इंधनाच्या पंपावर ओले फडके. पंचेचाळीस अंशांना पेट्रोल नळीतच उकळून वाफ होते आणि गाडी बसते. शिवाय तापलेली हवा हिवाळ्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने विरळ, म्हणून जेवण आपोआप तुपकट होते. आमच्याकडे तेव्हा ट्रक आणि तापकरी पोर यांचा उपचार एकच होता.

पुढे डिझेल आले. टाटा-मर्सिडीज १९५४ पासून जमशेदपूरला निघू लागले होतेच. डिझेलला कारबेटरच नसतो. हळूहळू ट्रकांतून तो गेला. मग मोटारींतून गेला, आणि १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज-६ चे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतूनही जवळजवळ उठला. आता संगणक दर घासाला हवा मोजतो आणि पेट्रोल वाढतो. तो चुकत नाही, धुरवत नाही, पर्यावरणाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले.

मात्र त्याला कोणी पेढे पाठवले तर तो ते खाऊन टाकील की काय, याची मला शंका आहे. आमच्या मिस्त्रीने शेठजींचे पेढे डब्यात तसेच ठेवले होते. ट्रक देवरीहून पुरा माल घेऊन, न थांबता आला, त्या दिवशी त्याने तो डबा उघडला. पेढ्यांना बुरशी आली होती. तो म्हणाला, "असू द्या जी. चढ चढला ना?"